पाकिटावरचं ‘इत्यादी’

गंगाक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बसप्पांच्या किराणा दुकानात, आणि त्या भांडत होत्या. हातात बिस्किटांचा पुडा, चष्मा कपाळावर चढवलेला. पुडा त्यांनी आधी पुढून वाचला, मग मागून, मग दोन्ही कडांच्या पट्ट्या वाचल्या आणि शेवटी कागद जिथे दुमडून चिकटवलेला असतो तिथे नख घालून तेही उघडून पाहिलं.

“अक्का, बिस्किट गोड असतंय की,” बसप्पा म्हणाले. “त्यात मीठ कशाला घालतील?”

“मला चव नका सांगू, बसप्पा. आत काय घातलंय ते सांगा.”

“ते मला काय ठाऊक? मी नुसता विकतो.”

“मग ज्याला ठाऊक हाय त्यानं हितं लिहायला नको?”

एवढं बोलून त्यांनी पुडा फोडला, एका बिस्किटाचे दोन तुकडे केले आणि एक बसप्पांच्या हातावर ठेवला. “सावकाश चावा. लगेच गिळू नका.” बसप्पा चावत राहिले. आम्ही गिऱ्हाइकं हातातल्या पिशव्या सावरत त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. “हाय,” बसप्पा अखेर ओशाळून म्हणाले, “जरासं हाय.” पुड्यावर फुलांच्या परडीचं चित्र होतं, वजन होतं, कारखान्याचा पत्ता होता. मिठाचं नाव कुठेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नव्या नोकरीवर रुजू झाले, तर शिक्षकांच्या खोलीत खिडकीपाशी त्याच बाई बसलेल्या. सोलापुरातल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या चौथीला मराठी शिकवत. मी नंतर त्यांच्याच आळीत खोली घेतली, म्हणून पुढचं सगळं मला जवळून पाहता आलं.

वर्गात त्यांचं बोलणं पुस्तकासारखं शुद्ध असे. राग आला की त्यांच्या गावचं बोलणं बाहेर पडे, ‘हाय’ आणि ‘न्हाय’ सुरू होई. माहेर अक्कलकोटच्या पलीकडलं, त्यामुळे राग फारच चढला तर कानडी. मुली हे ओळखून होत्या. अक्का कानडीत शिरल्या की मागच्या बाकापर्यंत सगळा वर्ग चिडीचूप होई. निबंधात त्यांना एक शब्द खपत नसे. कुणी ‘बागेत गुलाब, मोगरा इत्यादी फुले असतात’ असं लिहिलं की त्या वही घेऊन थेट त्या मुलीसमोर उभ्या राहत. “इत्यादी म्हणजे कोण गं? नाव ठाऊक असेल तर लिही. नसेल तर माळ्याला जाऊन विचार. इत्यादी ही लपायची जागा आहे.”

बिस्किटाचं भांडण उगाच नव्हतं. त्यांचे यजमान शिवलिंगप्पा गिरणीत मागांवर जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, होते. उंचपुरा, गमत्या माणूस. गिरणीचा भोंगा झाला की सायकलवरून शीळ घालत येई. त्यांना एकाएकी धाप लागायला लागली, पावलं सुजली. डॉक्टरांनी रक्तदाब आणि हृदयाचा विकार सांगितला, गोळ्या दिल्या आणि मीठ बंद केलं. सोलापुरात मीठ बंद म्हणजे जेवणातून निम्मं जेवण काढून घेतल्यासारखं. शेंगाची चटणी बंद, ताकातली मिरची बंद, लोणचं बंद. शिवलिंगप्पा कडक भाकरी हातात धरून तिच्याकडे नुसते बघत बसत.

शेजारणींचा सल्ला वेगळाच. “अहो, सोलापूरचा उन्हाळा हाय. मीठ तोडलं तर माणूस चक्कर येऊन पडंल की.” गंगाक्का त्यांना म्हणत, “पडले तर उचलीन मी. तुम्ही चटणीच्या वाट्या पाठवू नका.” आणि तरी वाट्या येत. त्या आल्या तशा परत जात. घरातलं मीठ त्यांच्या ताब्यात होतं. बाहेरून येणाऱ्या पुड्यांत, डब्यांत आणि बाटल्यांत काय आहे हे मात्र कुणी सांगायला तयार नव्हतं. पाव, लोणी, बाटलीतला सॉस, सगळं त्या वाचायच्या आणि ठेवून द्यायच्या.

अशात बसप्पांच्या दुकानात पथ्याचे पापड आले. चकचकीत पाकीट, वर पिसारा फुलवलेला मोर, खाली ठळक अक्षरांत ‘मिठाशिवाय. रक्तदाब व हृदयविकार असणाऱ्यांसाठी खास.’ मागे लिहिलं होतं, ‘उडीद डाळ, काळी मिरी, हिंग इत्यादी.’ गंगाक्का ते घेऊन आमच्या दारात आल्या. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. “बघ सुमन, कुणीतरी लिहिलं! शहाणा माणूस आहे कुणी.” मी सहज विचारलं, “आणि हे इत्यादी?” त्या हसल्या. “जाऊ दे गं. मुख्य ते लिहिलंय ना.”

शिवलिंगप्पांना तर सणच झाला. दोन्ही जेवणांना पापड. भाजल्याचा वास आमच्या खोलीपर्यंत येई आणि मागोमाग त्यांचं मोठ्यानं बोलणं. “गंगे, आज माणसात आलो बघ!”

पावलं पुन्हा सुजली. आधी चपलेचा पट्टा रुतू लागला, मग चप्पलच चढेना. जिना चढताना ते मध्येच थांबू लागले. आडवं पडलं की जीव घाबरा होई. दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला. बोट रुतलं तिथला खळगा तसाच राहिला. मग ते गंगाक्कांकडे वळले.

“बाई, तुम्ही मीठ घालताय.”

“नाही हो.”

“सगळ्या बायका हेच सांगतात. नवऱ्याचं तोंड बघवत नाही, मग चिमूटभर घालतात. ही माया नाही, हा मूर्खपणा आहे.”

त्यांच्या जागी मी असते तर रडले असते. गंगाक्का लाल झाल्या, पण आवाज चढवला नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत यजमानांच्या ताटात काय पडतं ते त्यांनी एकेक सांगितलं. पापडाचं नाव आलं तेव्हा डॉक्टर थांबले. “पापड?” गंगाक्कांनी पिशवीतून पाकीट काढून दिलं. डॉक्टरांनी वाचलं आणि टेबलावर टाकलं.

“खाराशिवाय उडदाचा पापड होतो का, बाई? मिठातला जो भाग यांना बाधतो, तोच पापडखारात असतो. मीठ नसेल यात. पण विष तेच.”

गंगाक्कांनी पाकीट उचलून पुन्हा पिशवीत टाकलं. घराच्या दारात पोचल्यावर माझा दंड धरून म्हणाल्या, “मी लहानपणापासून पापड लाटते. खार विरघळवून पीठ भिजवायचं काम माझंच असायचं. हे हात ते पीठ विसरले नाहीत गं. छापलेलं वाचलं आणि मीच विसरले. छापलेलं आहे म्हटल्यावर खरं असणार, असं मीच तर पोरींना शिकवते!”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही अक्कलकोट रोडवरच्या त्या पापडांच्या कारखान्यात गेलो. दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट, मधल्या शेडमध्ये पापड वाळत घातलेले. कारखानदार सफारीतला, गोड बोलणारा माणूस. त्यानं चहा मागवला. गंगाक्कांनी कपाला हात लावला नाही.

“यात खार आहे?”

“आहे ना. त्याशिवाय पापड कसा होईल?”

“मग मिठाशिवाय का लिहिलंत?”

“कारण मीठ नाही. खार म्हणजे मीठ नव्हे, बाई. यात खोटं काय आहे ते दाखवा.”

“खार लिहिला का नाही?”

“पाकिटावर जागा किती असते?”

“मोराला जागा झाली!” गंगाक्का उभ्या राहिल्या. “एवढा पिसारा मावला, आन दोन अक्षरांचा खार मावंना व्हय? हृदयविकारवाल्यांसाठी खास म्हून लिहिलंय तुमी. आजारी मानूस नेमका उचलंल असं लिहिलंय. निरोग्याला इकलं असतं तर मी आले नसते हितं!”

तो जराही चिडला नाही, हे मला अजून खुपतं. म्हणाला, “तुमचे मिस्टर आधीपासूनच आजारी होते ना? त्याचं खापर पापडावर कशाला? असं करा, चार साधी पाकिटं घेऊन जा, आमच्याकडून भेट.”

“साकु!” गंगाक्का ओरडल्या. कानडीत साकु म्हणजे पुरे. शेडमधल्या बायकांनी लाटणी थांबवून वर पाहिलं. आम्ही बाहेर पडलो.

मग आम्ही अन्नाची भेसळ तपासणाऱ्यांच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी पाकीट उलटसुलट केलं. “यात रंग आहे का? वाळू, खडे काही सापडले का?” नाही म्हटल्यावर त्यांनी ते परत केलं. “मग भेसळ नाही. पापडात खार असणारच. तक्रार कशाची घ्यायची?” माणसाच्या दाताला खडा लागला असता तर सरकार धावलं असतं, त्याच्या अंगात पाणी भरलं तर ते कुणाच्या खात्यात बसत नव्हतं.

त्या दिवसापासून गंगाक्का संध्याकाळी बसप्पांच्या दुकानासमोर उभ्या राहू लागल्या. कुणी पथ्याचे पापड मागितले की पुढे होत. “घरात कुणाला रक्तदाब आहे का? मग घेऊ नका. यात खार आहे.” साळी-पद्मशाली विणकर बायका मागावरून उतरून सासू-सासऱ्यांसाठी पाकीट घ्यायला येत. काही थबकून परत ठेवत, काही ‘ही बाई कोण?’ म्हणून बसप्पांकडे बघत. अखेर बसप्पा चिडले. “अक्का, तुमी शिकलेल्या. मी शिकलेलो न्हाय. पाकिटावर जे लिहिलंय ते मी विकतो. माझ्या पोटावर पाय देऊ नका. उद्यापासनं हितं उभं राहायचं न्हाय.”

आळीत हसू झालं. मुख्याध्यापिकांनीही बोलावून समज दिली की शिक्षिकेनं रस्त्यावर उभं राहणं शोभत नाही. शिवलिंगप्पा अंथरुणावरून म्हणाले, “गंगे, सोड आता. लोक वेडी म्हणत्यात तुला.” दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या. बसप्पांनी हात जोडून बाजूला व्हायला सांगितलं. शब्दाला शब्द वाढत होता, तेवढ्यात दुकानासमोर रिक्षा थांबली आणि शिवलिंगप्पा उतरले. उतरले म्हणजे रिक्षावाल्याच्या खांद्यावर भार टाकून कसेबसे खाली आले. पायात काही नव्हतं. ते पायरीवर बसले, धाप ओसरेपर्यंत थांबले आणि धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं. पाय तट्ट फुगून चकाकत होते.

“बसप्पा,” ते म्हणाले, “बोट लाव हितं.”

“अण्णा, कशाला...”

“लाव म्हंतो न्हवं.”

बसप्पांनी बोट टेकवलं. काढलं. खळगा भरून येईना. बसप्पा त्या खळग्याकडे बघतच राहिले. “माझी बायको वेडी न्हाय,” शिवलिंगप्पा म्हणाले. गंगाक्कांनी पुढे होऊन त्यांचं धोतर खाली ओढलं आणि बसप्पांवर खेकसल्या, “बघत काय बसलाय? पाणी आणा की!”

बसप्पांनी तो माल परत पाठवला. त्यांचं पाहून आसपासच्या दुकानदारांनीही पाठवला. काही महिन्यांनी नवी पाकिटं आली, त्यांवर मोराच्या पायाशी बारीक अक्षरांत ‘पापडखार’ होतं. वर ‘मिठाशिवाय’ आणि ‘खास’ मात्र होतं तसंच ठळक. कारखानदाराला कुणी जाब विचारला नाही.

पापड बंद झाल्यावर शिवलिंगप्पांची सूज हळूहळू उतरली. पण हृदय त्या धक्क्यातून पुरतं सावरलं नाही. गिरणीत ते पुन्हा जाऊ शकले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यानंतर ते खालावतच गेले, आणि एक दिवस डॉक्टरांनी गंगाक्कांना बाजूला घेऊन सांगितलं, आता काय हवं ते खाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगाक्कांनी शेंगदाणे भाजले, लसूण घातला, तिखट घातलं, मीठ घातलं आणि उखळात चटणी कुटली. भाकरी टाकली. ताट समोर ठेवून म्हणाल्या, “मीठ घातलंय. धडधाकट माणसाला घालावं तेवढं. डॉक्टर घाला म्हणाले. का म्हणाले ते तुमाला कळतंय.”

शिवलिंगप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. कळलं होतं. त्यांनी भाकरीचा तुकडा चटणीत बुडवून तोंडात घातला, चावला, आणि त्यांचा चेहरा आक्रसला.

“खारट झालीय गं,” ते म्हणाले.

“एवढे महिने मीठ मीठ करून माझा जीव खाल्ला, आन आता खारट?” गंगाक्का भडकल्या. मग दोघंही हसले, शिवलिंगप्पांना ठसका लागेपर्यंत. तरी त्यांनी हळूहळू ती भाकरी संपवली.

त्याच आठवड्यात ते गेले. भेटायला आलेल्या बायकांत कुजबुज सुरू झाली. शेवटी हिनंच मीठ घातलं, म्हणून गेला. मी ऐकून पेटले, काही बोलणार होते. पण गंगाक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या त्या सरळ झाल्या.

“व्हय,” त्या म्हणाल्या, “मी घातलं. त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून, सांगून घातलं. ताटात काय हाय ते त्यांना ठाऊक होतं.”

गंगाक्कांनी तोंड पदरानं पुसलं आणि त्या बायकांकडे एकेक करून पाहिलं.

“आता त्या पापडवाल्याला जाऊन विचारा. त्यानं सांगितलं होतं का?”