तळघराची राखण

जगात जे जे बिघडू शकतं ते सगळं आपल्याच घरी आधी बिघडणार, अशी पक्की खात्री असूनही रोज सकाळी आनंदाने उठणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे चेन्नईतले आमचे घरमालक. पेरुंगुडीच्या एका आयटी कंपनीत मला नोकरी लागली आणि लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा आम्ही दोघं त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलो. घर दाखवताना लोक हवा, उजेड, देवघर दाखवतात. यांनी आम्हाला आग लागली तर कुठल्या दाराने पळायचं, जिना पेटला तर कुठल्या खिडकीतून उडी मारायची आणि त्या खिडकीखाली जास्वंदीचं झाड मुद्दाम कसं लावलं आहे, ते दाखवलं. त्यांचं आयुष्य विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासण्यात गेलेलं. त्यामुळे गॅसची शेगडी दिसली की त्यांना जळलेलं स्वयंपाकघर दिसे, आणि छताचा पंखा दिसला की त्याखाली बसलेल्या माणसाचं डोकं. ते स्वतः पंखा टाळून भिंतीला चिकटून बसत आणि तिथूनच पाहुण्यांना प्रेमाने डिकॉक्शनची कॉफी देत.

त्यांचं घराणं तंजावरचं. पूर्वज महाराष्ट्रातून तिकडे गेले त्याला तीनशे वर्षं झाली, पण काका, आम्ही त्यांना काकाच म्हणायचो, अशा थाटात बोलत की ते परवाच गेले असावेत. माझं साताऱ्याचं मराठी ऐकून त्यांना वाईट वाटे. इतकी वर्षं देशी राहून तुम्ही भाषा नीट सांभाळली नाही, आम्ही परमुलखात सांभाळली, असं ते मला कीव येऊन सांगत, आणि लगेच भाजीवाल्याशी अस्खलित तमिळमध्ये भांडायला लागत.

या सावध माणसाने आयुष्यात एकच बेसावध गोष्ट केली होती, ती म्हणजे तळ्याशेजारच्या सखल जागेत घर बांधून त्याला तळघर काढलं. बायकोला सामान ठेवायला गार, अंधारी जागा हवी होती, एवढंच त्याचं कारण. ही त्यांची बायको, तिकडच्या रीतीने सगळ्यांची मामी, जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. तळघरात मामींच्या ट्रंका होत्या आणि त्या ट्रंकांत त्यांच्या कोलूच्या बाहुल्या. नवरात्रात तिकडे घरोघरी पायऱ्यांची मांडणी करून मातीच्या बाहुल्या बसवतात, त्याला कोलू म्हणतात. मामी गेल्यापासून या घरात कोलू झाला नव्हता. कोलू मांडणं बायकांचं काम, आपलं काम राखणीचं, असं काका म्हणत आणि विषय बदलत.

ती राखण करायला त्यांनी एक यंत्र आणलं. पांढरी प्लॅस्टिकची डबी, तिच्यातून लोंबणाऱ्या दोन तारा. तारांची टोकं पाण्याला टेकली की डबी अशी किंचाळायची की गल्लीतली कुत्री उत्तर द्यायची. गंमत म्हणजे हे यंत्र त्यांनी आणलं ते शहरात प्यायला पाणी नव्हतं त्या वर्षी. अख्खी गल्ली घागरी घेऊन टँकरमागे धावत होती आणि काका तळघरात पुराची घंटा टांगत होते. लोक हसले. त्यावर काका शांतपणे म्हणाले, "आग लागल्यावर कोण विमा देतो? कोरडं आहे तेव्हांच बघायचं."

दर रविवारी चाचणी होई. काका तळघरात वाटीभर पाणी तारांवर ओतत आणि वर आम्ही गॅलरीत उभं राहून "ऐकू आलं" असं ओरडायचं. मग तेच पाणी फडक्याने टिपून कढीपत्त्याच्या झाडाला पिळलं जाई. रविवारी झोपून राहण्याची आमची फार इच्छा असे, पण उत्तर दिलं नाही तर काका आमची तब्येत बघायला वर येत.

आयुधपूजेला तिकडे शस्त्रांबरोबर घरातली सगळी अवजारं, यंत्रं, वाहनंही पूजतात. काकांनी पहिल्या वर्षी या डबीला भक्तिभावाने चंदनाचं ओलं गंध लावलं, तेही तारांना. आरती संपेपर्यंत डबी ओरडत होती आणि पूजेत हात घालायचा नाही म्हणून काका हात जोडून ऐकत होते. पुढच्या वर्षी ते शहाणे झाले. त्यांनी डबीतला सेल काढला, गंध, कुंकू, शेवंतीचं फूल वाहिलं आणि डबी देवापुढे ठेवली. पूजेतलं अवजार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नसतं.

नेमका त्या दुपारी पाऊस कोसळला. माझी बायको खाली प्रसाद आणायला गेली तर गल्लीतलं पाणी फाटकातून आत येऊन तळघरात उतरत होतं. तिने काकांना हाक मारली आणि घंटा कशी वाजली नाही म्हणून विचारलं.

काकांनी देवघराकडे बघितलं. "ती पूजेंत आहे," ते म्हणाले.

मी आणि काका घोटाभर पाण्यातून ट्रंका वर घेऊन आलो. तळाशी पाणी शिरलंच होतं. बायकोने झाकण उघडलं. आत प्रत्येक बाहुली जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून वर गाठ मारून ठेवलेली होती, आणि खालची गाठोडी भिजली होती. ती पहिल्या गाठोड्याला हात घालणार तोच काकांनी तिचा हात धरला.

"सोडूं नको. तिच्या हातच्या गाठी आहेत."

तेव्हा मला कळलं की हा माणूस इतकी वर्षं बाहुल्यांची राखण करतच नव्हता. बायको हळूच म्हणाली, "काका, माती आहे. रात्रीपर्यंत चिखल होईल."

मग काका "सरी" म्हणाले, म्हणजे बरं, आणि ट्रंकेपाशी खाली बसले. कात्री त्यांनी घेऊ दिली नाही. ओल्या गाठी करकचून आवळल्या होत्या, तरी एकेक गाठ ते नखाने, दाताने सोडवत राहिले. निघालेली बाहुली आम्ही पुसून सुकायला जिन्यावर ठेवत होतो, कारण हाताशी कोरडी, मोकळी जागा तेवढीच होती. राजा-राणी, वाणी-वाणीण, लग्नाची वरात. एका वाण्याच्या मिशा वाहून गेल्या होत्या. संध्याकाळी पाऊस थांबला, शेजारच्या बायका पाणी किती शिरलं ते बघायला आल्या आणि जिना बघून दारातच थबकल्या. कोणीतरी दिवा आणला, कोणी हळदकुंकू. एका म्हातारीने न सांगता गाणं धरलं. काका भिंतीला टेकून बसले होते. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मला मात्र त्या दिवशी त्यांच्याइतका श्रीमंत माणूस दुसरा दिसला नाही.

दसरा झाल्यावर बाहुल्या पुन्हा बांधायच्या होत्या. काकांना ते जमेना, म्हणून बायकोने बांधल्या. त्यांनी एक गाठोडं हातात घेऊन निरखून बघितलं. "गाठ वेगळी आहे," ते म्हणाले, "पण घट्ट आहे." ट्रंका परत तळघरातच गेल्या, फक्त विटांच्या चौथऱ्यावर. मामींनी जागा तिथे ठरवली होती, त्यात बदल नाही. पुढे आम्ही होतो तोवर दर नवरात्रात कोलू मांडला गेला.

मग माझी बदली पुण्याला झाली. पहिल्याच नवरात्रात बायकोने त्यांना फोन करून विचारलं, काका, बाहुल्या मांडल्या का? तर म्हणाले, "नाही. तूं बांधून गेलीस, तूंच येऊन सोड. मी तुझ्या गाठी सोडणार नाही."

हल्ली टीव्हीवर चेन्नईच्या पावसाची बातमी लागली की बायको हातातलं काम टाकून उठते, फोन लावते आणि आधी एवढंच विचारते, "काका, तळघर कोरडं आहे ना?"