अव्वाचा नियम आणि बॅटरीचा चार्जर

त्या दिवसांत माझा देवावर राग होता, हे आधीच सांगून टाकतो. अव्वा म्हणजे माझी आई. आमचं घराणं मूळचं सीमेकडचं, म्हणून आईला अव्वा म्हणायची पद्धत. वय त्र्याऐंशी. सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, भगवंतांचं दर्शन घेतल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, हा नियम तिनं लग्नाच्याही आधी घेतलेला. गेल्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मुनीमहाराजांनी सूट दिली होती. दवाखान्यातून घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, सूट दवाखान्यापुरती होती. झालं! मळ्यातल्या आमच्या घरापासून बस्ती तीन किलोमीटर, आणि ऑपरेशनपासून अव्वाचा पाय वाकत नाही, त्यामुळे मोटारीत नाही की रिक्षात नाही. रोज चार गडी जमवून तिला खुर्चीसकट उचलून न्यायचं, पोचेपर्यंत दुपार व्हायची. या वयातल्या म्हातारीला उपाशी ठेवून देवाला काय मिळतं, असं मी बायकोजवळ रोज पुटपुटायचो. पुटपुटायचो कुठं, तर चहापोहे खाता खाता.

शेवटी मी बॅटरीवरची तीनचाकी घेतली. मागची सीट काढली, फळीचा उतार करून घेतला आणि अव्वाला चाकाच्या खुर्चीसकट आत ढकलायची सोय केली. सोय झाली, पण स्वस्थता गेली. पस्तीस वर्षं मी कापडाचं दुकान चालवलं. ते बंद केल्यापासून माझ्या हातांना दम म्हणून धरवत नाही. गाडीबरोबर आलेला चार्जर आपणहून थांबायचा नाही, म्हणून मी दर तासाला उठून बॅटरीला हात लावून बघायचो. गरम लागली की पिन काढायची, दहा मिनिटांनी जीव राहीना की परत लावायची. अर्धवट भरलेली बॅटरी चार दिवसांत धाप टाकायला लागली, तेव्हा मी तिरीमिरीत जाऊन दुप्पट ताकदीचा चार्जर घेऊन आलो. जेवढा मोठा तेवढा चांगला, एवढंच माझं शास्त्र. त्या चार्जरनं बॅटऱ्या लवकर भरायच्या खऱ्या, पण आतलं पाणी उकळून उडून जायचं आणि मी आठवड्याला डिस्टिल वॉटरचा कॅन रिकामा करायचो.

एका सकाळी कॅन संपलेला निघाला. झाकणं उघडून बघितलं तर दोन कप्प्यांतलं पाणी पार तळाला गेलेलं. अव्वा सातपासून खुर्चीत बसून होती. आदल्या महिन्यात तिला दोनदा चक्कर आली होती, त्यामुळे एकेक मिनिट माझ्या अंगावर येत होतं. घरात कोनाड्यात गंधोदकाची वाटी होती. गंधोदक म्हणजे भगवंतांच्या अभिषेकाचं पाणी. त्यात दुधाचा, चंदनाचा अंश असतो आणि आम्ही ते कपाळाला, डोळ्यांना लावतो. मी ती वाटी उचलली आणि बॅटरीत ओतली. श्रद्धेनं ओतली की रागानं, हे आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. ‘नियम तुझा आहे, आता गाडीही तूच चालव,’ असं काहीतरी मनात म्हणालो होतो. आणि गाडी चालली! त्या दिवशी चालली, दुसऱ्या दिवशीही चालली. मी मनातल्या मनात देवाला शाबासकी देऊन मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी निम्म्या वाटेवर, दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या त्या आडरस्त्यावर गाडी बसली. साडेनऊ वाजले असतील. मी चावी फिरवून बघितली, तारा हलवून बघितल्या, चाकाला लाथही मारून बघितली. खुर्ची ढकलत न्यावी तर पुढं सगळी खडी उखडलेली. अव्वाचे ओठ सुकले होते. ‘घरी जाऊ या, आजचा दिवस पाणी पी,’ असं मी तिला हात जोडून म्हणालो. तिनं मानेनंच नाही म्हटलं आणि पुन्हा णमोकार मंत्र म्हणायला लागली. मला रडू फुटायच्या बेतात होतं. एवढी वर्षं हिचा नियम कधी मोडला नाही, आणि माझ्या गाडीत, माझ्या हातानं एक तर नियम मोडणार किंवा ही हातची जाणार, याशिवाय दुसरं काही दिसेना.

तेवढ्यात मागून दुधाच्या कॅनांनी भरलेली बॅटरीवरचीच मालगाडी आली. चालवणारी चाळिशीतली बाई होती, डोक्याला घट्ट स्कार्फ बांधलेला. गगनबावड्याकडची होती, हे नंतर कळलं. रोजच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली उलटली म्हणून ती पहिल्यांदाच या वाटेनं आली होती.

“काय झालं ओ पावणं?” तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बॅटऱ्यांची झाकणं उघडली. “पाणी कसलं घातलंसा?”

“डिस्टिल,” मी म्हणालो.

“मग ही फुटक्या दुधासारखी साय कसली हाय? दूध पाजलंसा काय बॅटरीला?”

खुर्चीतल्या अव्वाचा णमोकार थांबला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दोघींसमोर, उघड्या रस्त्यावर, मी खरं काय ते सांगून टाकलं. अव्वा म्हणाली, “देवाला कामाला जुंपलास व्हय रे?” रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला लागलं.

त्या बाईनं मालगाडीला दोर बांधला आणि आम्हाला ओढत, खड्डा आला की हळू होत, बस्तीच्या दारापर्यंत नेलं. उपाध्यांनी, म्हणजे बस्तीच्या पुजाऱ्यांनी, अव्वाची खुर्ची आत नेली. मी मात्र बाहेरच थांबलो. आत जायला तोंड नव्हतं. तेवढ्या वेळात पायरीवर बसून त्या बाईनं मला चार्जर शिकवला. या बॅटऱ्या मोटारीच्या बॅटरीसारख्या नसतात, सावकाश रिकाम्या व्हायला आणि सावकाश भरायला केलेल्या असतात. चार बॅटऱ्या म्हणजे अठ्ठेचाळीस व्होल्ट, तेव्हा चार्जरही तेवढ्याचाच हवा. बॅटरी शंभर अँपिअर-तासांची असेल तर चार्जर दहा-बारा अँपिअरचा बास. आणि बॅटरी पाण्याची की जेलची, हे ज्याला बटणानं सांगता येतं, तोच स्मार्ट चार्जर घ्यायचा. “आदी दाबून देतंय, मग कमी कमी करत जातंय,” ती म्हणाली. “पोट भरत आलं की घास बारीक करावा, तसं. आन एकदा लावला की हात लावू नगा. मी हात लावून लावून दोन सेट जाळलोय, म्हणून सांगतोय.” मी तिचा नंबर मागितला. “नंबर कशाला? नीट पाणी घालशिला तर माझं काय काम पडतंय?” असं म्हणून ती गेलीसुद्धा. दूध तापायच्या आत डेअरीत पोचायचं होतं तिला.

बस्तीपुढून जाणाऱ्या एका ट्रॅक्टरला गाडी बांधून अव्वाला घरी आणलं आणि दुपारीच मी शहरात शिवाजी पेठेतलं बॅटरीचं दुकान गाठलं. मालकांनी पहिला प्रश्न विचारला, “पावणं, बॅटरी कसली हाय तुमची?” जन्मात पहिल्यांदा मला त्याचं उत्तर येत होतं. नवा सेट आणि चार्जर घेतला. निघताना ते म्हणाले, पहिलं चार्जिंग मधेच तोडू नका, पुरं होऊ द्या. पण त्या रात्री मळ्यातली लाईट गेली ती पहाटे पाचला आली. तेव्हा कुठं चार्जर लागला.

आठ वाजले तरी चार्जरवर पिवळाच दिवा; बॅटरी पुरी भरली की तो हिरवा व्हायचा. नऊ वाजले. अव्वा आवरून खुर्चीत बसलेली, आणि मी अंगणात येरझाऱ्या घालतोय. तीन किलोमीटर तर जायचंय, तेवढं तर भरलंच असेल! मी पिनेला हात घातला.

“काय सांगितलंय दुकानदारानं?” अव्वानं विचारलं.

“पुरं होऊ दे म्हणालाय.”

“मग होऊ दे की.”

“अगं, तुला भूक लागली असेल!”

“लागलीया की. भूक माझी हाय, घाई तुझी हाय.”

मी पिनेवरचा हात काढला आणि तिच्या शेजारी पायरीवर बसलो. बायकोनं पोह्यांची बशी आणली, ती परत पाठवली. इतके महिने मी हिच्या भुकेच्या नावानं देवाशी भांडत होतो, आणि एकदाही हिच्याबरोबर उपाशी बसलो नव्हतो. हिनं मला कधी लवकर चल म्हटलं नव्हतं. पळापळ सगळी माझी होती. माझ्याच जिवाची तगमग मला सोसत नव्हती आणि तिलाच मी सेवा म्हणत होतो. दहाच्या सुमाराला मलाही भूक लागली, मग तीही निवळली. अव्वा णमोकार म्हणत होती. मीही म्हणायला लागलो. पुढं दिव्याकडं बघायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही.

“हिरवा झाला बघ,” असं अव्वानंच सांगितलं, तेव्हा अकरा वाजून गेले होते.

ती आडवाटेनं आलेली बाई कुणी पाठवली, हे मी कुणाला विचारत नाही. तिचे उपकार आहेत, एवढं मला पुरतं. त्या दिवशी मी बस्तीत आत गेलो आणि पहिल्यांदा काही न मागता उभा राहिलो. बाहेर आल्यावर अव्वाच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तिनं तो तोंडाजवळ नेला, थांबली, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “तूबी न्हाय न्हवं खाल्लास?” ‘नाही,’ मी म्हणालो. तिनं तांब्या माझ्यापुढं केला. माझं पाणी पिऊन होईपर्यंत ती खुर्चीत शांत बसून होती.