निर्व्यसनी घरातली वाइन

स्थळाच्या बायोडाटावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'मुलगा निर्व्यसनी, घराणं निर्व्यसनी'. आणि लगेच खालच्या ओळीत, 'वडिलांचा व्यवसाय: स्वतःची वाइनरी'. या दोन ओळी एकाखाली एक टाइप करताना कुणाचाच हात अडखळला नाही, याचं मला अजून नवल वाटतं. हे स्थळ आणलं होतं माझ्या मेहुण्यानं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावानं. मी त्याला म्हटलं, "अरे, हे काय गौडबंगाल?" तर तो म्हणाला, "दाजी, हलवाई कधी सोत्ता पेढे खातो का?" हलवायांची पोटं मी पाहिली आहेत, पण मेहुण्याशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

माझी मुलगी अन्नतंत्रज्ञान शिकली. लातुरात एका तेल गिरणीच्या प्रयोगशाळेत ती नमुने तपासते. वय अठ्ठावीस. आमच्या नात्यागोत्यात अठ्ठाविसाव्या वर्षी मुलगी घरी असली की लोक तिच्या बापाची तब्येत विचारायला लागतात. मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, मुलींनी शिकावं म्हणून भाषणं ठोकली. तरी 'यंदा उरकून टाकू' हे वाक्य माझ्याही तोंडात बसलं होतं. मला घाई झाली होती, हे कबूल करून टाकतो.

रविवारी मी, बायको, मुलगी आणि मेहुणा असे चौघं घर बघायला कंधारकडे गेलो. घर बघायला गेलं की पोहे येतात, चहा येतो, मग विहीर, बोअर आणि गोठा दाखवतात. इथं पोहे झाल्यावर मुलाच्या वडिलांनी आम्हाला थेट मागच्या शेडमध्ये नेलं. स्टीलच्या टाक्या, गार हवा, टेबलावर पांढरी चादर आणि तिच्यावर सहा बाटल्या. तीन पांढऱ्या, तीन लाल. द्राक्षं कुठली, असं विचारलं तर म्हणाले, "नाशिककून येतेत टेम्पोनं. पर पाणी आपलं हाय." वाइनमध्ये पाणी कशाला लागतं, हे मी विचारलं नाही. मुलीच्या बापानं फार प्रश्न विचारायचे नसतात.

"सर, धंदा दाखविल्याबिगर घर दाखविलं असं होतंय का? जरा चाखून बघा," ते म्हणाले. मी पेचात पडलो. नको म्हणावं तर त्यांच्या धंद्याचा अपमान, घ्यावं तर निर्व्यसनी घराण्याला पिणारा व्याही. बायकोनं डोळ्यांनी खुणावलं, घ्या. तीस वर्षांच्या संसारात तिनं मला प्यायची परवानगी दिली ती ही पहिली.

पहिल्या पांढरीत म्हणे पेरूचा वास होता. पेरूच हवा असता तर मी गंजगोलाईच्या बाजारात किलोभर घेतले असते. दुसरीत लिंबाची साल. तिसरीत ओलं गवत. ओल्या गवताचं कौतुक देवणी बैलानं करावं, मी काय करणार? तरी मी प्रत्येक घोटाला मान डोलावत होतो. मेहुण्यानं दरवेळी आधी बोटं बुडवून देवाच्या नावानं चार थेंब फरशीवर उडवले, मग डोळे मिटून औषधासारखा ग्लास तोंडात रिकामा केला आणि शेंगदाणे मागितले. "तिखटमीठ खाल्लं की चव कळत न्हाई," यजमान म्हणाले. चाखून थुंकायला त्यांनी एक घंगाळ ठेवलं होतं. मेहुणा तंबाखूवाला. सगळ्या विधीत तेवढा एकच भाग त्याला मनापासून जमला.

मुलगा कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. तो सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही, हे आम्हाला तोवर तीनदा सांगून झालं होतं.

मग लाल सुरू झाल्या. पहिली ठीक होती. दुसरी नाकाजवळ नेताच मला कॉलेजातली ॲसिटिक ॲसिडची बाटली आठवली. "ही आमची सगळ्यात भारी. तीन वर्सं मुरवलीय," यजमान म्हणाले.

"वा! मुरलेली कळतेच," मी म्हणालो.

ते खूश झाले आणि मुलीकडे वळले. "बाळ, तू बी ह्याच्यातलंच शिकलीस म्हणं. बघ की."

तिनं ग्लास फिरवला, वास घेतला, एक घोट तोंडात घोळवून घंगाळात टाकला आणि ओठ पुसले. "काका, हिचं व्हिनेगर व्हायला लागलंय. टाकीला कुठून तरी हवा लागतेय. आत्ताच बघितलंत तर बाकीची वाचेल." ऑफिसात नमुना नापास करताना ती अशीच बोलत असणार, साधं आणि सरळ. मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी मी यजमानांच्या तोंडाकडे बघितलं.

मुलानं पहिल्यांदाच मान वर केली. "म्या बी तेच सांगायलोय महिन्यापासून," तो म्हणाला. निर्व्यसनी मुलाला हे कसं कळलं, ते कुणी विचारलं नाही. यजमान गरजेपेक्षा जास्त हसले आणि बाटली टेबलाखाली गेली. तिसरी लाल आम्हाला मिळालीच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्याचा फोन. "दाजी, पोरगी लई पसंत हाय. पर चाखणारी सून नको म्हणतेत. घराणं निर्व्यसनी हाय."

खरं तर मी खदाखदा हसायला हवं होतं. ज्यांनी ग्लास हातात दिला, त्यांनाच चार शब्द सुनावायला हवे होते. आणि मी काय बोललो? "अरे, तिला कुठली सवय! त्यांनी आग्रह केला म्हणून ओठाला लावलं. मी तिला घरी येऊन चांगलं झापलंय, सांग त्यांना. परत असं होणार नाही." मी तिला एका शब्दानं बोललो नव्हतो. झापलं हे मी जागेवर रचलं.

फोन ठेवून वळलो तर ती डबा घेऊन दारात उभी.

"पप्पा, वास तुम्हालाही आला होता ना?"

"आला होता."

"मग वा का म्हणालात?"

तुझ्यासाठीच, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तिच्यासाठी मी काहीच केलं नव्हतं, मला फक्त उरकायचं होतं. तिनं स्कूटी काढली आणि कामाला गेली.

त्यानंतर दोन स्थळं आली. मुलगा कसा वाटला, हे ती आता फक्त आईला विचारते. मी शेजारच्याच खुर्चीत बसलेला असतो.