डोळ्याचा उपवास

त्या नवरात्रात आई अंबाबाई माझ्यावर रुसली, असंच मला वाटलं. डावा डोळा काचबिंदूनं कधीच गेला होता. उजव्यातही काचबिंदू, त्यात मोतीबिंदू. डॉक्टरांनी त्या एकाच डोळ्यातल्या दोन्हींचं ऑपरेशन एकदमच केलं. नंतर हुपरीच्या घरी घडवायला हातात घेतलेल्या चांदीच्या पैंजणाचं एकेक घुंगरू स्पष्ट दिसलं, तेव्हा मला रडूच आलं. आता आईचं मुख डोळे भरून पाहायचं, एवढीच आस उरली.

त्याच आनंदात मी नऊ दिवसांचा कडक उपवास धरला. पण ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेले थेंब डोळ्यात घातले की कडू चव घशात उतरायची. औषध पोटात गेलं म्हणजे उपवास मोडला! लेकीला न सांगता मी थेंब बंद केले. हट्टी तर मी जन्माचीच. चौथ्या दिवशी डोळा लालभडक झाला, उजेड टोचू लागला, सगळं धुक्यात गेलं. तरी डॉक्टरांकडे न जाता, आईच्याच पायाशी जायचं म्हणून एकटी कोल्हापूरच्या बसमध्ये बसले.

मला डोळा पुसताना पाहून शेजारच्या बाईनं विचारलं, “मावशी, आप्रेशन झालंय न्हवं? थेंब घालतासा का?” मी उपवासाचं सांगितलं. ती मोठ्यानं हसली. “म्या रोज्यातबी घातलं की! डोळा कुठं जेवतोय, मावशी?” मग माझं बोट धरून तिनं डोळ्याच्या नाकालगतच्या कोपऱ्यावर हलकेच टेकवलं. “थेंब घातल्यावर हितं धरायचं. घशात उतरत न्हाय.” स्टँडवर तिनं मला देवळाकडे वळूच दिलं नाही. “दर्शन कुठं पळून जातंय?” म्हणत, पत्ता विचारून रिक्षानं माझ्या डॉक्टरांच्या दारात आणून सोडलं.

डॉक्टर रागावले. रक्त आणि डोळ्यातलं स्वच्छ पाणी यांच्यामध्ये एक नाजूक आडभिंत असते, म्हणाले. दोन्ही ऑपरेशनांनी ती सैल पडते. ती पुन्हा सांधेपर्यंत थेंबच सूज आवरतात. ते थांबल्यामुळे रक्तातला गाळ पाण्यात उतरला होता. आणखी उशीर झाला असता तर हाही डोळा गेला असता.

महिन्याभरानं धुकं निवळलं. आईचं मुख मी पाहिलं, अगदी नथीच्या मोत्यांसकट, आणि हात जोडून नुसती उभी राहिले. माझ्या नियमांत आईला बसवायला गेले होते. ती नियमाबाहेरूनच आली. पण त्या बाईचा चेहरा मला धुक्यात दिसलाच नव्हता. समोर आली तरी चेहऱ्यावरून ओळखणार नाही, ओळखलं तर आवाजावरूनच. म्हणून आता बसमध्ये शेजारी कुणीही बसलं की आधी मीच बोलायला लागते, आणि उत्तराकडे कान लावून बसते.