दोन्ही गोलपोस्टांना सारखेच हार

हा लेख मी फार दिवस टाळला, हे आधीच सांगून टाकतो. गौरवग्रंथाच्या संपादकांचा फोन आला की मी कधी तिवशात असायचो, कधी अचलपूरच्या एसटीत. एका जागी बसून लिहिणं मला जमत नाही. पण आदरणीय भास्करराव पंचाहत्तर वर्षांचे झाले आहेत आणि आज संध्याकाळच्या गाडीनं ते नवी मुंबईला फुटबॉल पाहायला निघणार आहेत. म्हणून अकोल्यात त्यांच्याच अंगणात बसून लिहितो आहे.

अमरावतीचं कॉलेज अर्धवट सोडून मी भटकत होतो, तेव्हा आमची ओळख झाली. अकोल्यात बस बदलायची होती. बाजूच्या मैदानावर एक गृहस्थ स्टुलावर चढून गोलपोस्टला झेंडूचा हार बांधताना दिसले.

"काका, कोनाचं लगन हाय का?"

"लगन नाही बे, मॅच हाय. सुतळी धर!"

बस गेली. मी राहिलो.

भास्कररावांची फुलशेती आहे. गावात सामना असला की दोन्ही गोलपोस्टांना त्यांच्या मळ्यातले सारखेच हार लागतात. "पाहुन्याचा गोल उघडा ठेवला तं आपन यजमान कायचे?" असं ते म्हणतात. मात्र हार फक्त उभ्या खांबांना. आडव्या दांड्याला ते एक फूलही लावू देत नाहीत.

त्याचं कारण जुन्या अकोलेकरांना ठाऊक आहे. तरुणपणी भास्करराव अकोल्याचे गोलकीपर होते. अमरावतीविरुद्धच्या एका अंतिम सामन्यात त्यांनी हौसेनं आडव्या दांड्याला जाडजूड तोरण बांधलं. अमरावतीचे कर्णधार सलीमभाई यांनी मारलेला चेंडू भास्कररावांच्या हातांवरून गेला आणि गोलात शिरता शिरता लोंबत्या तोरणात अडकून बाहेर पडला. भास्करराव स्वतः पंचांकडे धावले. "साहेब, गोल द्या. मी हरलो होतो, हारानं अडवला." पंच ऐकेनात. अकोला जिंकलं. स्वतःचीच टीम त्यांच्यावर आठवडाभर फुगून बसली. सलीमभाई जाताना म्हणाले, "कीपर तू नव्हता, तुहा हार होता!" त्यानंतर त्यांनी अकोल्यात पाऊल ठेवलं नाही. भास्करराव दर मोसमात त्यांना बोलावणं धाडतात. उत्तर येत नाही.

माझ्याबद्दल म्हणाल तर मी अधूनमधून न सांगता निघून जातो. परत आलो की जो तो विचारतो, "कुठं उंडगत होता बे?" भास्कररावांनी कधीच विचारलं नाही. "बूट घाल. डावा पाय कच्चा हाय तुहा," एवढंच म्हणाले. आज तिवशाचे पोट्टे मला फुटबॉल शिकवायला बोलावतात, ते त्याच डाव्या पायाच्या जोरावर. पण हे माझं झालं. मुद्दा राहून गेला.

मुद्दा असा की, आंतरराष्ट्रीय स्पर्धा आपल्या देशात होणार हे कळल्यापासून भास्करराव जमिनीवर नाहीत. फुलबाजारात गिऱ्हाइकाला हार देताना सांगतात, "जग आपल्या घरी पाहुनं येऊन राहिलं!" काकू म्हणतात, "लगनाले एवढे नटले नव्हते हे." स्टेडियमवर हार नेऊ देणार नाहीत हे त्यांना चारचौघांनी सांगितलं, तरी सुतळीचं बंडल पिशवीत गेलंच आहे.

तिकिटं दोन काढली आहेत. दुसरं मला द्या, असं मी म्हणून पाहिलं.

"ते सलीमचं हाय. त्याले कळवलं हाय."

"ते येनार नाहीत, काका."

"नाही आला तं खुर्ची रिकामी राहीन. पन त्याचीच राहीन."

ज्यांना स्वतःविरुद्धचा गोल एवढी वर्षं जपता आला, त्यांच्या हाताखाली खेळलो याचा मला अभिमान आहे. भास्कररावांचे गुडघे असेच तगडे राहोत आणि शंभरीतही त्यांनी स्टुलावर चढून मला सुतळी धरायला लावावी, एवढंच मागणं.

इथं संपवणार होतो. पण आत्ताच फाटकाशी ऑटो थांबला आहे. पांढऱ्या दाढीचे एक उंच गृहस्थ खांद्याला बॅग अडकवून उतरले आणि तिथूनच ओरडले, "भास्कर! वो गोल था!"

"होताच!" म्हणत भास्करराव अनवाणीच फाटकाकडे धावले आहेत.