पणाला लावलेली वेणी

मेक्सिकोत शुक्रवारी रात्री कुस्तीचा मोठा खेळ होतो. तो आमच्या तांड्यावर मोबाइलवर दिसतो शनिवारी सकाळी, भाकरी थापायच्या वेळेला. मी हिंगोलीच्या कॉलेजात होते, तालमीत जात होते आणि हा खेळ एकदाही चुकवत नव्हते. मुखवटे घातलेले पैलवान दोरावरून उड्या मारायचे. वर्षानुवर्षं चाललेली वैरं शेवटी एका कुस्तीत निकालात निघायची. हरणाऱ्याला मुखवटा उतरवावा लागे, नाहीतर केस द्यावे लागत.

एका शनिवारी दोन बायांनी केस पणाला लावले. हरली ती खुर्चीवर बसली, माइकवर आपलं नाव, गाव आणि किती वर्षं कुस्ती करते ते सांगितलं आणि ताठ मानेनं मुंडण करून घेतलं.

आईला आम्ही याडी म्हणतो. ती मागून बघत होती. म्हणाली, "हे समदं ठरवलेलं असतंय."

"असंल. पण केस तर खरेच गेले ना?"

त्याच महिन्यात शेजारच्या गावची जत्रा आली. मी आणि वसमतची एक पोरगी, आमची जोड लावा म्हणून मी कमिटीकडे गेले. या पोरीनं मला तीनदा चीत केलं होतं, आणि ते मला पचलं नव्हतं. कमिटीचे अध्यक्ष हसले. "पोरींची कुस्ती म्हंजी नुसती झिंज्या उपटाउपटी. फडात न्हाई चालायची."

"मग झिंज्याच लावते पणाला, काका. हरले तर फडातच मुंडण करीन."

मी मागं हटेन असं वाटून ते हो म्हणाले. वसमतच्या पोरीला फोन केला, तर ती म्हणाली, "येडी झालीस काय?" मग म्हणाली, "माझे बी लाव."

याडीनं मात्र दोन दिवस माझ्या केसाला हात लावला नाही. माझी वेणी लहानपणापासून तिनंच घातलेली.

जत्रेच्या रविवारी हलगी वाजली. दुपारचं ऊन, तापलेली माती. मी दोनदा वसमतच्या पोरीच्या पायात शिरून पट काढला, दोन्ही वेळा ती निसटली. तिसऱ्यांदा मीच पुढं झुकले आणि तिनं मला ढाकेवर घेऊन आपटलं. पाठ मातीला लागली. तिच्याकडून ही माझी चौथी हार.

जत्रेतला न्हावी म्हणाला, "पोरीच्या केसाला मी हात न्हाई लावणार." वसमतची म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं." अध्यक्षही मऊ झाले. "लेकरू हाय. झालं ते झालं. जा घरी."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. पोरगा हरला असता तर कोणी त्याला असं घरी पाठवलं असतं का? मी ओरडले, "हार माझी हाय. ती कोणी माफ करायची न्हाई!"

गर्दीतून याडी आली. तिनं न्हाव्याच्या हातातून कात्री घेतली. "बस खाली," म्हणाली. मी मातीतच मांडी घातली आणि माइक मागितला. माझं नाव सांगितलं, तांडा सांगितला, सात वर्षं कुस्ती करते हेही सांगितलं. याडीनं वेणी मुठीत धरली आणि मुळाशी कात्री चालवली. वेणी मातीत पडली तेव्हा हलगीवाल्यानं, कोणी न सांगता, हलगी वाजवायला सुरुवात केली. उरलेले केसही याडीनंच उतरवले.

सोमवारी मी तसंच बोडकं डोकं घेऊन एसटीत बसले. एका बाईनं हळूच विचारलं, "घरात कोणी गेलं का?"

"न्हाई मावशी. कुस्ती हरले."

याडीनं ओढणी दिली होती. ती मी पिशवीतून काढलीच नाही.

यंदा त्याच जत्रेत पोरींच्या पाच जोड्या लागल्या. अध्यक्ष माइकवरून सांगत होते की ही कल्पना कमिटीचीच. माझी आणि वसमतच्या पोरीची जोड शेवटची होती. पंधरा मिनिटं झाली तरी निकाल लागेना, म्हणून पंच कुस्ती बरोबरीत सोडवायला आले. आम्ही दोघींनीही त्यांना बाजूला सारलं. शेवटी पुन्हा तीच जिंकली. पाठीची माती न झटकताच मी पुढल्या वर्षाचं आव्हान दिलं, आणि तिनं तिथंच माझ्या हातावर हात मारला.