कोषाध्यक्षांचा पाहुणचार

जगात चिकट माणसं पुष्कळ आणि दिलदारही पुष्कळ. पण दोन्ही गुण एकाच सदऱ्यात घालून हिंडणारा माणूस सबंध वर्धा जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका आमच्या वृद्धाश्रमाचा कोषाध्यक्ष! मी निवृत्त शाळामास्तर आणि तिथला सचिव, म्हणजे भोगणं माझ्या वाट्याला. सगळे त्यांना काकाजी म्हणतात. माणूस खोलीतून बाहेर पडायच्या आत काकाजींनी पंखा बंद केलेला असतो. एकदा भर मे महिन्यात आमचे अध्यक्ष भाषणाला उभे राहिले, 'आदरणीय' म्हणाले आणि डोक्यावरचा पंखा थांबला. घामानं निथळत त्यांनी सेवाधर्मावरचं भाषण पहिल्या पानावरच आटोपलं. मी चिडलो, तर काकाजी म्हणाले, "मास्तर, पंखा चालू असता त हे दिवसभर बोलले असते ना बाप्पा!" लग्नातही अक्षता टाकता टाकता नवरदेवाच्या कानात सांगणार, "सुखी राहजो, आन् मसालेभात उरला त आश्रमात धाडजो."

पण दारात पाहुणा दिसला, की हा माणूस पार बिघडतो. विजेचं मीटर बघायला आलेल्यालासुद्धा त्यांनी पाटावर बसवून श्रीखंड खाऊ घातलंय. वर मलाच विचारणार, "दारी आलेल्याले कोरडं पाठवत असतेत काय?"

यंदा आश्रमाची तिजोरी पार खडखडीत झाली. किराणा दिवाळीपर्यंत पुरेल की नाही, शंकाच होती. आश्रम बंद पडला तर आर्वीच्या आजींसारख्यांना पाठवायचं कुठं? त्यांच्या मुलानं तर फोन घेणंच सोडलेलं. मी खेटे घालून एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींना पाहणीला यायला राजी केलं. खरी गरज दिसली तरच ते पैसे देणार होते. मी काकाजींना हात जोडून सांगितलं, "गळका नळ गळू द्या, चहा काळा द्या, जरा गरिबी दिसू द्या!" काकाजी "बरं" म्हणाले, आणि मी मूर्खासारखा विश्वास ठेवला.

शेठजी आले तेव्हा फाटकाला तोरण होतं, नळ दुरुस्त झालेला आणि सगळ्या आज्या ठेवणीतली लुगडी नेसून उभ्या! वडाभात, भरली वांगी, आर्वीच्या आजींच्या हातची पुरणपोळी आणि वरून तुपाची धार. एकूण एक पंखे गरगरत होते. काकाजी पंगतीत आग्रह करत फिरत होते, "घ्या ना शेठजी, आमच्या घरी काई कमी नाई!" मी कपाळावर हात मारला. शेठजी ढेकर देऊन म्हणाले, "भई वा! तुमचं तर झकास चाललंय. हा पैसा एखाद्या गरीब संस्थेला देतो." काकाजींनी त्यांच्या ड्रायव्हरला डबासुद्धा बांधून दिला.

गाडी गेल्यावर मी काकाजींवर तुटून पडलो. ते खाली मान घालून म्हणाले, "आपल्या म्हाताऱ्यायले पाहुण्यापुढं भिकारी कसं करू जी? आर्वीच्या माय आज किती दिवसानं हासल्या, पाह्यलं काय?" मी पंगतीची उष्टी पानं उचलायला लागलो.

पंधरवड्यानं शेठजींची गाडी पुन्हा फाटकात उभी राहिली. या खेपेला त्यांनी चेक आणला होता, सबंध वर्षाचा किराणा भागेल एवढा. मी आनंदानं पावतीपुस्तक शोधायला लागलो. तेवढ्यात मागच्या सीटवरून एक म्हातारी उतरली, हातात नवी कोरी बॅग. "आई माझी," शेठजी घड्याळ बघत म्हणाले. "घरी कुणाला वेळ नाही हो. अन् एवढी चांगली जागा मिळणार कुठं?"

पै-पै जपणाऱ्या काकाजींनी त्या चेककडे पाहिलंसुद्धा नाही. म्हातारीची बॅग उचलली आणि म्हणाले, "या माय, पानं वाढलीच हायेत." खोलीत नेऊन पंखा लावून दिला. जेवून झाल्यावर ती बाई जी फाटकाशी जाऊन बसली, ती रस्त्याकडे बघत संध्याकाळपर्यंत तिथंच होती. इकडे रिकाम्या खोलीत पंखा फिरत होता. काकाजी त्या दारावरून कितीदा गेले आणि आले, पण बटणाला त्यांनी हात लावला नाही.